फेकलेला तंबू कोण उचलतो?

ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी इंग्लंडमधल्या रेडिंग शहराजवळच्या मैदानाचे वरून काढलेले फोटो तिकडच्या वर्तमानपत्रांत छापून येतात. तीन-चार दिवसांचा संगीत महोत्सव संपलेला असतो, तरुण पोरंपोरी घरी गेलेली असतात आणि मागे उरतात ते तंबू. निळे, हिरवे, नारिंगी, हजारोंच्या संख्येने, काही उभे, काही मोडून पडलेले. आत हवा भरायच्या गाद्या, झोपायच्या पिशव्या, घडीच्या खुर्च्या, बिअरचे डबे, अर्धवट खाल्लेले अन्न. एखादे गाव रात्रीतून उठून जीव घेऊन पळाले असावे असे दृश्य. पण कुणी पळालेले नसते. तंबू गुंडाळायचा कंटाळा आलेला असतो, एवढेच.

हे फोटो आमच्या गटावर एका सहकाऱ्याने टाकले आणि खाली फक्त एक तारीख लिहिली, ७ डिसेंबर. दुसरे काही लिहायची गरज नव्हती. ६ डिसेंबरला बाबासाहेबांना अभिवादन करायला लाखो माणसे दादरला येतात, आणि ७ तारखेच्या सकाळी कुणाच्या तरी बाल्कनीतून शिवाजी पार्कचा फोटो निघतो. द्रोण, पाण्याचे पाऊच, तुटलेली चप्पल. खालचा मजकूर ठरलेला असतो : ‘यांना’ शिस्त कधी येणार? हा ‘यांना’ शब्द आम्ही शाळेच्या बाकापासून ओळखतो.

मित्रहो, पहिल्यांदा आमच्याही मनात तेच आले जे तुमच्या मनात आले असेल. हे फोटो त्या बाल्कनीवाल्यांच्या तोंडावर मारावेत, बघा म्हणावे तुमच्या आवडत्या विलायतेत काय चालते. गटावर दोन दिवस तेच चालले. पण हा बचाव फार लंगडा आहे. ‘ते पण करतात’ हे उत्तर देणारा माणूस आरोप मान्य करूनच बोलत असतो. म्हणून या तंबूंकडे जरा नीट बघू या. त्यात आपल्या कामाचे बरेच काही आहे.

रेडिंगच्या त्या फोटोंवर तिकडे टीका होते, चांगली सणसणीत होते. पण टीका कुणावर? महोत्सवाला आलेल्या पोरांच्या बेफिकिरीवर, स्वस्त तंबू विकणाऱ्या दुकानांवर, आयोजकांवर. गोऱ्या मध्यमवर्गीय पोरांच्या रक्तातच घाण आहे असे कुणी लिहीत नाही. त्यांच्या आजोबांचा धंदा कुणी काढत नाही. तिथला कचरा हा त्या माणसाने केलेला एक दोष असतो. इथे कचरा हा त्या माणसाची ओळख होतो. फरक प्लास्टिकमध्ये नाही, बघणाऱ्याच्या डोळ्यांत आहे.

मेरी डग्लस या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९६६ साली ‘प्युरिटी अँड डेंजर’ या पुस्तकात हेच वेगळ्या अंगाने मांडले होते. घाण ही वस्तूच्या अंगी नसते, समाजाने जिची जी जागा ठरवली ती सोडून ती दुसरीकडे दिसली की तिला घाण म्हटले जाते, असा त्यांच्या मांडणीचा आशय. एम.ए.ला आम्हाला हे पुस्तक शिकवले गेले तेव्हा उदाहरणे आफ्रिकेतली दिली गेली. महाडचे उदाहरण वर्गात कुणी दिले नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी आणि त्यांच्या सोबतच्या माणसांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, आणि नंतर सनातन्यांनी १०८ घागरी पंचगव्य ओतून तळे ‘शुद्ध’ करून घेतले. शेण आणि गोमूत्र पाण्यात ओतले म्हणजे पाणी स्वच्छ, माणसाने ओंजळ भरली म्हणजे पाणी घाण! डग्लसबाईंना यापेक्षा चांगले उदाहरण सापडले नसते. शिवाजी पार्कच्या बाल्कनीतून जे दिसते ते द्रोण नसतात. जी माणसे वर्षभर त्या परिसरात फक्त घरकामाला, गटारात आणि बांधकामावर दिसायला हवीत ती एक दिवस मैदानभर मोकळी बसलेली असतात. त्यांची ठरलेली जागा सुटलेली असते. म्हणून काही घरांना त्या दिवशी कुलूप लागते.

आता तंबूंकडे येऊ. ब्रिटनमधल्या स्वतंत्र महोत्सवांच्या संघटनेने २०१९ मध्ये एक मोहीम काढली होती, ‘तुमचा तंबू घरी न्या’ अशी. त्यांचा अंदाज असा की त्या एका देशात दरवर्षी अडीच लाख तंबू महोत्सवांच्या मैदानांवर सोडून दिले जातात. एका तंबूचे वजन सरासरी साडेतीन किलो, बहुतेक प्लास्टिकच. म्हणजे ८,७५० स्ट्रॉ किंवा २५० प्लास्टिकचे पेले यांच्याइतके. स्ट्रॉविरुद्ध जगभर आरडाओरड चालू होती तेव्हाची ही गोष्ट. शिवाय तंबू ही पुनर्वापराला अवघड वस्तू. कापड पॉलिस्टरचे, त्यावर दुसऱ्याच प्लास्टिकचा लेप, काठ्या फायबरग्लासच्या, खुंट्या लोखंडाच्या, तळाचे कापड आणखी वेगळे. हे सगळे सुटे करायला माणूस लागतो आणि माणसाची मजुरी नव्या तंबूच्या किमतीपेक्षा जास्त पडते. म्हणून बहुतेक तंबू खड्ड्यात पुरले जातात नाहीतर जाळले जातात. टाकून जाणाऱ्या अनेकांची समजूत मात्र अशी की कुणी धर्मादाय संस्था येईल आणि गरिबांसाठी घेऊन जाईल. संस्था येतात, खरेच येतात, पण मूठभर स्वयंसेवक हजारो तंबूंतून किती उचलणार? चिखलात लोळलेला, काठी मोडलेला, आत कुणी ओकलेले असा तंबू कुठल्या गरिबाला द्यायचा?

या समजुतीवर आम्ही बराच वेळ थांबलो. टाकून देणे हेच दान समजायचे. आपल्या ओळखीचा व्यवहार आहे हा. वस्तीत संस्थेच्या कामाला असताना आमच्याकडे ‘गरिबांसाठी’ म्हणून आलेल्या गोण्या आम्ही सोडल्या आहेत. एकाच पायातले बूट, चेन तुटलेल्या जीन्स, निम्मी सोडवलेली गाइडे. देणाऱ्याचे घर रिकामे झालेले असते आणि वर पुण्यही लागलेले असते. तंबूवाल्या पोरांचे मन फार निराळे नाही.

अमेरिकन अर्थतज्ज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ सालीच दाखवून दिले होते की श्रीमंती नुसती असून भागत नाही, ती दिसावी लागते, आणि वस्तू वाया घालवता येणे ही ती दाखवायची एक रीत आहे. रेडिंगला येणारी सगळी पोरे श्रीमंत नसतात, बारावीच्या निकालानंतर मजा करायला आलेलीही खूप असतात. पण तंबू मागे टाकून जाता येणे ही चैन आहे. घर दुसरीकडे आहे याची खात्री असलेल्या माणसालाच ती परवडते.

ज्यांना ती खात्री नसते त्यांच्या तंबूचे काय होते? समुद्राच्या पलीकडे फ्रान्सच्या कॅले शहरात निर्वासितांची मोठी छावणी होती, लोक तिला ‘जंगल’ म्हणत. ऑक्टोबर २०१६ मध्ये सरकारने ती पाडली. त्यानंतरही माणसे तिथे येतच राहिली, आणि पोलीस त्यांचे तंबू पुन्हा पुन्हा उचलून नेत राहिले. इंग्लंडमधल्या महोत्सवांच्या मैदानांवरून काही कार्यकर्ते तंबू गोळा करून कॅलेला पोचवत असत. म्हणजे एकच तंबू. एकाने शुक्रवारी विकत घेतला, सोमवारी टाकला. दुसऱ्याला तो मिळाला आणि त्याच्याकडून पोलिसांनी हिसकावला. तंबू टाकून देता येणारा एक माणूस, आणि तंबू राखू न शकणारा दुसरा.

मराठीत तंबूला आणखी एक शब्द आहे, पाल. आमच्या भटक्या-विमुक्त भावंडांची अख्खी जिंदगी त्या शब्दात आहे. गावाबाहेर पाल पडले की पाटलाची परवानगी, पोलिसांची हजेरी, आणि गावात काही चोरीला गेले की पहिली झडती पालाची. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या कोप्याही तशाच, पाचट-बांबू-ताडपत्रीच्या, हंगामापुरत्या. ताडपत्रीचा तुकडा फाटला तर तो शिवला जातो, मग गुरांच्या अंगावर जातो, मग सरपण झाकायला. पाल उठते तेव्हा मागे चुलीचे तीन दगड आणि राख एवढेच राहते. ही माणसे पर्यावरणवादी आहेत म्हणून असे होते असे आम्ही म्हणणार नाही. गरिबीला पर्यावरणाचा साज चढवणारी भाषणे आम्हाला सहन होत नाहीत. टाकायला त्यांच्याकडे काही नसते, बस.

आता उचलणाऱ्यांकडे वळू. इथे खरी गोष्ट सुरू होते.

इंग्लंडमधला सगळ्यात प्रसिद्ध महोत्सव ग्लास्टनबरीचा. सॉमरसेट परगण्यात पिल्टन गावच्या मायकेल ईव्हिस नावाच्या दूधवाल्या शेतकऱ्याने तो १९७० मध्ये आपल्याच शेतावर सुरू केला. आज तिथे दोन लाखांच्या आसपास माणसे जमतात. पण ते शेत अजूनही दुभत्या गायींचे आहे, आणि महोत्सव संपला की गायी परत चरायला सोडायच्या असतात. गवतात राहिलेली तंबूची लोखंडी खुंटी गायीच्या पोटात गेली की गाय मरते. त्यामुळे तिथे सफाई हा शोभेचा विषय नाही. २०१९ मध्ये त्यांनी एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटल्यांची विक्री बंद केली, आणि त्या वर्षी ९९.३ टक्के तंबू लोकांनी घरी नेल्याचे आयोजकांनी जाहीर केले. म्हणजे करता येते. तीच गोरी पोरे, तेच तंबू. व्यवस्था बदलली, वारंवार सांगितले गेले, आणि वागणे बदलले. ‘यांच्या रक्तातच आहे’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा लिहून ठेवावा.

ग्लास्टनबरीचा कचरा उचलणाऱ्यांत मोठा भाग स्वयंसेवकांचा असतो. महागडे तिकीट फुकट मिळते, जेवण मिळते, त्या बदल्यात ठरलेल्या पाळ्यांत कचरा गोळा करायचा आणि वेगळा करायचा. त्यांत विद्यापीठात शिकणारी मुले असतात, शिक्षक असतात. सोमवारी कचरा उचलला म्हणून मंगळवारी त्यांच्या हातचे पाणी कुणी नाकारत नाही. आपल्याकडे हे का होत नाही? १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात बाबासाहेबांनी कामाची वाटणी वेगळी आणि काम करणाऱ्यांची जन्मावरून केलेली वाटणी वेगळी, हे उलगडून दाखवले. ग्लास्टनबरीत कामाची वाटणी आहे. आपल्याकडे झाडू कुणाच्या हातात जाणार हे बाळाच्या जन्माच्या दिवशीच ठरते.

पण तिकडचे फार कौतुकही नको. २०१७ मध्ये महोत्सवानंतरच्या सफाईसाठी युरोपातल्या निरनिराळ्या देशांतून शेकडो मजूर आले होते. दोन आठवड्यांचे काम मिळेल अशा आशेने पदरच्या पैशांनी प्रवास करून आलेले. करार असा की तासांची हमी काही नाही. त्या वर्षी हवा कोरडी राहिली, लोकांनी कचरा कमी टाकला, आणि दोन दिवसांत बहुतेकांना काम संपल्याचे सांगण्यात आले. ब्रिटिश वृत्तपत्रांत याच्या बातम्या आल्या होत्या. मैदान स्वच्छ राहिले याचा आनंद पर्यावरणवाल्यांना झाला, आणि त्याची किंमत परक्या देशातून आलेल्या मजुराने दिली. कचरा वाढला तर त्याची पाठ मोडते, कचरा घटला तर त्याची मजुरी जाते. जातीची उतरंड नसलेल्या देशातसुद्धा कुणीतरी खाली लागतेच, तिथे तो स्थलांतरित असतो.

आणि ‘स्वयंसेवक’ हा शब्द आपल्या मुंबईत काय झाला तेही ऐका. महापालिकेच्या दत्तक वस्ती योजनेत झोपडपट्ट्यांतला कचरा उचलणाऱ्यांना कागदावर स्वयंसेवक म्हटले गेले आणि पगाराला मानधन. कामगार म्हटले की किमान वेतन आले, भविष्यनिर्वाह निधी आला, रजा आली. स्वयंसेवक म्हटले की फक्त त्याची सेवाभावना आली! कंत्राटी सफाई कामगारांनी कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या झेंड्याखाली वर्षानुवर्षे लढा दिला, तेव्हा कुठे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने २,७०० कामगारांना कायम करण्याचा मार्ग मोकळा झाला. सफाईच्या कामाला सेवा, पुण्य, तपश्चर्या म्हणून गौरवण्याला बाबासाहेबांचा कडाडून विरोध का होता, हे या एका शब्दाच्या प्रवासात दिसते. २०१४ नंतर आपण झाडूसोबतचे फोटो खूप पाहिले. त्या फोटोंतल्या एकाही हाताला खरूज झाली नसेल.

आमचा स्वतःचा या विषयाशी संबंध आला तो पुण्याबाहेरच्या एका संगीत महोत्सवामुळे. आम्ही काम करतो त्या वस्तीतल्या पंधरा-वीस बायकांना आणि काही पोरांना एका ठेकेदाराने हिवाळ्यातल्या एका पहाटे टेम्पोत भरून नेले. दोन दिवसांचे काम, रोजचे पाचशे आणि नाष्टा असे बोलणे झाले होते. हातमोजे मिळाले ते पातळ प्लास्टिकचे, तासाभरात फाटले. फुटलेल्या काचा होत्या. बाटल्यांत पाणी समजून ओतायला गेले तर दुसरेच काही निघायचे. रात्री अंधारात स्वच्छतागृहापर्यंत जायचा कंटाळा केलेल्या माणसांनी बाटल्याच भरून ठेवलेल्या. आमच्याकडच्या महोत्सवांना मुक्कामी तंबूंची रीत कमी, पण तिथे थोडे होते. एका तंबूत मावशींना नवीकोरी झोपायची पिशवी सापडली, लेबलसकट. मावशींनी ती झटकली, घडी घातली आणि डोक्यावर घेतली. नातवाला थंडीत होईल म्हणाल्या.

फाटकावर राखणदाराने पिशव्या तपासल्या. पिशवी काढून घेतली आणि वर विचारले, कुठून चोरली?

मावशी आम्हाला सांगत होत्या, “अगं ताई, मी म्हटलं त्याला, बाबा, चोरली नाय, कचऱ्यात घावली. तर म्हणतो कचरा बी कंपनीचाच हाय. मग म्या म्हटलं, कंपनीचा हाय तर कंपनीनं उचलावा की!”

आम्ही एवढी शास्त्रे वाचली, पण मालमत्तेच्या हक्कावर इतके नेमके वाक्य आम्हाला कुठे भेटले नाही. मालकाने टाकली तोवर ती घाण, हात लावायला तुम्हाला आणलेले. तुम्ही वापरायला घेतली की लगेच ती मालमत्ता. मधल्या वेळेत ती पिशवी कुणाचीच नव्हती, फक्त मावशींच्या डोक्यावर असताना ती चोरीची झाली. दुसऱ्या दिवशी ती इतर कचऱ्यासोबत ट्रकमध्ये गेली हे पोरांनी डोळ्यांनी पाहिले.

दोन दिवसांचे पैसे तीन आठवडे मिळाले नाहीत. ठेकेदार म्हणे वरून आले नाहीत; वरचे म्हणाले आम्ही ठेकेदाराला दिले. शेवटी आम्ही बायकांना घेऊन त्याच्या ऑफिसात जाऊन बसलो. सगळ्यांची नावे, दिवस, तास लिहिलेला कागद सोबत होता आणि कामगार आयुक्तांकडे द्यायच्या अर्जाची प्रतही. संध्याकाळी सहाला पैसे निघाले, नाष्ट्याचे कापून. ही काही मोठी विजयगाथा नव्हे. पण तो कागद पोरांनी मैदानावर असतानाच मोबाइलवर भरून ठेवला होता, फोटोसकट, म्हणून काम झाले.

‘कचरा करू नका’ एवढ्यावर धम्माचे तत्त्वज्ञान संपवणारे लेख आम्हाला पटत नाहीत. विनयपिटकात, चुल्लवग्गाच्या अकराव्या भागात एक प्रसंग आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदाला ५०० चीवरे दान दिली. राजाला शंका आली, हा श्रमण एवढ्या कापडाचे करणार काय, दुकान मांडणार की काय! त्याने येऊन विचारले. आनंद म्हणाला, ज्यांची चीवरे विरली त्या भिक्खूंना देऊ. मग विरलेल्या चीवरांचे काय? अंथरुणाचे पांघरूण करू. त्या जुन्या पांघरुणांचे? जमिनीवर घालू. त्यानंतर? पाय पुसायला. मग झटकायला. आणि अगदी चिंध्या झाल्या की त्या मातीत कालवून भिंती-जमिनी लिंपू. राजाला आनंद झाला आणि त्याने आणखी ५०० वस्त्रे दिली.

यातली मेख अशी की प्रश्न देणाऱ्याच्या घरून आला आणि घेणाऱ्याने शेवटच्या चिंधीपर्यंत हिशोब दिला. दान घेतले म्हणजे त्याचा शेवटही आपला, हा तो विनय आहे. तंबूवाल्यांकडे आणि गोणी पाठवणाऱ्यांकडे नेमके हेच नाही.

आणि सुनीत थेर. राजगृहातला हलक्या मानलेल्या कुळातला हा माणूस. लोकांनी वाहून टाकलेली कोमेजलेली फुले झाडून नेणे हे त्याचे काम. दुसऱ्यांच्या उत्सवाचे निर्माल्य उचलणारा. तथागत भेटले तेव्हा त्यांनी त्याच्या झाडूचा गौरव केला नाही, झाडूसकट त्याचे फोटोही काढून घेतले नाहीत. भिक्खू म्हणून त्याला संघात घेतले. थेरगाथेत त्याच्या गाथा आहेत.

आता आपल्या मैदानाचे बोलू. रागावलात तरी चालेल.

६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर आम्ही कित्येक वर्षे जातो. नांदेडहून, अकोल्याहून, गोंदियाहून आलेली माणसे घरून भाकरी बांधून आणतात, सतरंजी आणतात, चादर आणतात. परत जाताना सतरंजी झटकून घडी करून नेतात, वर पुस्तकांचे एक ओझे जास्तीचे नेतात. गाडीत बसायला जागा नसली तरी पुस्तके सोडत नाहीत. मागे टाकलेली सतरंजी आम्ही तिथे पाहिलेली नाही. मग तो ७ तारखेचा कचरा येतो कुठून? फुकट वाटपाच्या टेबलांवरून. खिचडी, बिस्किटे, पाण्याचे पाऊच, पत्रके, आणि प्रत्येक टेबलावर दहा चेहऱ्यांचा फ्लेक्स. नगरसेवक होऊ घातलेले, विभागप्रमुख, बँकांच्या कर्मचारी संघटना, सोसायट्या, आपलीही मंडळे. वाटप करणाऱ्याला फोटो हवा असतो. रात्री दहाला फोटो झालेले असतात, टेबल तिथेच असते, फ्लेक्स तिथेच असतो, उरलेली खिचडी तिथेच असते. शिवाजी पार्कवरचा टाकलेला तंबू हा आहे. तो आपल्या बाया-माणसांनी टाकलेला नाही, दात्यांनी टाकलेला आहे, आणि शिव्या मात्र जेवणाऱ्याला बसतात.

७ तारखेला पहाटे ते उचलायला येणारे कामगार कोण, हे आम्ही सांगायला नको. त्यांतले कित्येक आदल्या रात्री रांगेत उभे राहून अभिवादन करून आलेले असतात. आपल्याच टेबलाची घाण आपलाच भाऊ उचलतो, आणि आपण वर समतेची भाषणे देतो.

कायद्याचे म्हणाल तर २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी शंभराहून जास्त माणसांचा कार्यक्रम घेणाऱ्या आयोजकावरच कचरा वेगळा करून सोपवण्याची जबाबदारी टाकली. थर्माकोलच्या ताट-वाट्यांना महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. तरी मैदानावर त्या दिसतात. आम्ही म्हणतो, गर्दीला शिस्त शिकवणारे फलक लावण्याऐवजी टेबलवाल्यांची यादी करा. अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटात ‘बर्निंग मॅन’ नावाचा मेळा भरतो. सरकारी जमीन आहे, आणि अट अशी की मागे एकरी एक चौरस फुटापेक्षा जास्त कचरा राहता कामा नये. मेळा संपल्यावर कार्यकर्ते ओळीने चालत जमीन तपासतात आणि नकाशा छापतात. ज्या गटाची जागा स्वच्छ तो हिरवा, जिथे काम अडले तो पिवळा, जिथे घाण तो लाल. नावनिशी. श्रीमंतांचा मेळा आहे, त्यांचे बाकीचे तत्त्वज्ञान त्यांच्यापाशी राहू दे. नकाशा मात्र घेण्यासारखा आहे.

तसा नकाशा आम्ही गेल्या वर्षी आमच्या भागातून दादरला जाणाऱ्या मंडळांपुरता करून पाहिला. बैठकीत अटी ठेवल्या. स्टीलची ताटे किंवा पत्रावळी, पाऊचऐवजी पिंप आणि पेले, टेबल उठवताना कचरा दोन गोण्यांत वेगळा करून देणे, आणि फ्लेक्स ज्याने लावला त्याने काढणे. पाचवी अट सगळ्यात जास्त खटकली : प्रत्येक मंडळाने वाटपाच्या खर्चातून ठरावीक रक्कम काढून त्या पट्ट्यात ७ तारखेला काम करणाऱ्या कंत्राटी कामगारांच्या जादा तासांच्या मागणीसाठी, हातमोजे-बुटांसाठी आणि त्यांच्या युनियनच्या अर्जासाठी द्यायची. आणि मजुरी दिवसावर हवी, गोण्यांवर नको. आपण कचरा कमी केला म्हणून कुणाचा रोज बुडायला नको. हे कलम ग्लास्टनबरीच्या त्या मजुरांच्या बातमीवरून घातले.

एका मंडळाचे अध्यक्ष उठले. वयाने मोठे, पँथरच्या काळापासूनचे, आम्हाला लेकरासारखे वागवणारे. म्हणाले, “बाळांनो, अन्नदान करणाऱ्यालाच तुम्ही हिशोब मागता?” आम्ही म्हटले, काका, उदेन राजाने आनंदालासुद्धा मागितला होता. ते हसले नाहीत. म्हणाले, आधी वाचून बघतो खरे आहे का. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला, चुल्लवग्ग मिळाला, पण कामगारांचे पैसे महापालिकेने द्यायचे, आपण का? मुद्दा बरोबर होता. अट बदलली. रोख रक्कम काढली आणि वॉर्ड ऑफिसला द्यायच्या निवेदनावर मंडळाची सही आणि शिक्का मागितला, कामगारांच्या मागण्या आणि मैदानावरच्या टेबलांची नावे एकाच कागदावर.

चौदापैकी नऊ मंडळांनी सही केली. काकांचे त्यांत आहे. उरलेल्या पाचांच्या टेबलांचे फोटो आमच्याकडे आहेत, ७ तारखेच्या सकाळचे, वेळेसकट. पुढची बैठक नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी आहे. त्या दिवशी ते भिंतीवर लावणार आहोत.